उतारावरचे ठोसर

ठोसर गेली तीसएक वर्षं गोल्फ खेळतायत, आणि या तीस वर्षांत ते एकदाही सपाट जमिनीवर उभे राहून खेळलेले नाहीत. हिरवळ, झेंडा, पांढरी टोपी यातलं काहीही त्यांच्या गोल्फमध्ये नाही. एक लोखंडी काठी आहे, भोकाभोकांचे प्लॅस्टिकचे सहा चेंडू आहेत आणि आमच्या सोसायटीच्या मागचा उतार आहे. "सपाटावर काय, कोणीही मारेल," असं ते म्हणतात. कोणीही म्हणजे कोण, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं की ते दाखवायला लागतात, आणि ते दाखवायला लागले की माझी कंबर धरते.

मी दळवी. वर्तकनगरातल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. निवडून वगैरे आलेलो नाही. एका सभेत मला डुलकी लागलेली, जागा झालो तेव्हा टाळ्या वाजत होत्या. तेव्हापासून गळती, लिफ्ट, कबुतरं आणि ठोसर हे चार विषय माझ्याकडे आहेत. पहिल्या तिन्हींवर निदान तात्पुरता उपाय तरी निघतो.

ठोसरांचं वय शहात्तर. उंच, किडकिडीत अंग, गुडघ्यापर्यंत मोजे, कॅनव्हासचे बूट. काठीला ते 'सात नंबर' म्हणतात. सोसायटीत सगळे तिला हॉकी म्हणतात. सुरुवातीला ठोसर प्रत्येकाला दुरुस्त करायचे, आता नाही करत.

"गोल्फमध्ये अशा चौदा काठ्या असतात, दळवी," त्यांनी एकदा मला सांगितलं.

"मग बाकीच्या तेरा कुठायत?"

"जर्मनीत."

त्याची हकिकत अशी. ठोसर डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. तिथं एक मशीन बसवायला जर्मनीहून इंजिनिअर आला, दोन महिन्यांसाठी. मशीन आठ महिने बसलं नाही. तो बिचारा कंटाळून कारखान्यामागच्या मातीच्या ढिगाऱ्यावर संध्याकाळी चेंडू मारायचा. त्याच्याशी बोलायला कोणी जात नसे, कारण इंग्रजी त्यालाही येत नव्हतं. ठोसर आधी लॅबच्या खिडकीतून बघायचे, मग जवळ जाऊन बघायला लागले, मग एक दिवस काठी त्यांच्याच हातात आली. परत जाताना त्या माणसाने सात नंबर ठोसरांना देऊन टाकली आणि तो बराच वेळ काहीतरी बोलला. काय बोलला ते ठोसरांना अजून माहीत नाही. "पण भावना पोचली," असं ते म्हणतात.

ढिगाऱ्यावर शिकल्यामुळे त्यांचा सगळा गोल्फ वाकडा. जमिनीला चार खोड्या असतात, हे त्यांचं आवडतं वाक्य. पुढे चढ, पुढे उतार, चेंडू पायांपेक्षा वर, चेंडू पायांपेक्षा खाली. "चढावरचा चेंडू उंच जातो, पण जवळच पडतो. बघणारे म्हणतात, वा. अहो, वा काय? गेला कुठं?" सोसायटीतल्या एका मुलाने नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढली तेव्हा पेढे खात ठोसर एवढंच म्हणाले, "चढावरचा आहे." पेढे देणाऱ्या आईने ते आशीर्वाद म्हणून घेतलं.

दुसरं वाक्य, "पायांना विचारा." कुठेही उभं राहायचं झालं की ते आधी डोळे मिटून दोन सेकंद पायांना विचारतात. नवरात्रात आम्ही दोघं टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला गेलेलो. रांग तासाभराची. ठोसरांनी अर्ध्या रांगेला समजावलं की इथे रस्ता गटाराकडे झुकलाय, तेव्हा खालच्या बाजूचा गुडघा किंचित सैल सोडा, म्हणजे पाय भरून येणार नाहीत. पंधरा-वीस अनोळखी माणसं एक गुडघा सैल सोडून देवीकडे सरकत होती. मी त्यांच्या पुढे चार माणसं सोडून उभा राहिलो आणि ओळख दाखवली नाही.

खिशात त्यांच्या एक गोटी असते. कोणाच्या घरी गेले की ती जमिनीवर ठेवतात आणि कुठे जाते ते बघतात. आमचे चेअरमन सावंत, त्यांच्या मेहुण्याने घोडबंदर रोडला नवीन टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला ठोसर गेलेले. जेवणं झाल्यावर त्यांनी हॉलच्या मधोमध गोटी ठेवली. ती सावकाश निघाली, सोफ्याखालून गेली, पॅसेजमध्ये वळली आणि संडासाच्या दाराशी थांबली. मेहुण्याने ती पुन्हा ठेवायला लावली. पुन्हा तिथेच गेली. सावंतांचे आणि ठोसरांचे संबंध तेव्हापासून बिघडले, आणि ते बिघडले की त्रास मला.

पण याच गोष्टीचा दुसरा प्रकारही मी पाहिलाय. तळमजल्यावरचे एक आजोबा गेले तेव्हा आम्ही भेटायला गेलो. आजी एका डगडगत्या खुर्चीत बसलेल्या. ठोसर उठले, पेपरची घडी केली, खाली बसून खुर्चीच्या पायाखाली सरकवली आणि परत जागेवर येऊन बसले. आजी म्हणाल्या, "दोन वर्षं सांगत होते ह्यांना, एवढं करा म्हणून." आणि मग त्या रडू शकल्या. तोवर रडल्या नव्हत्या.

आता मूळ भानगड सांगतो. आमची शेवटची बिल्डिंग संपते तिथे येऊरच्या डोंगराचं एक टोक कंपाउंडच्या आत आलंय. तोच ठोसरांचा उतार. गाड्या वाढल्या, जागा नाही, म्हणून वार्षिक सभेत सावंतांनी विषय मांडला की मागचा उतार कापून सपाट करावा आणि पार्किंग काढावं. सगळे तयार. ठोसर उभे राहिले.

"उतार हा काही जमिनीचा आजार नाही," त्यांनी सुरुवात केली.

"काका, माझी गाडी रोज नाल्याच्या कडेला उभी असते," सावंत म्हणाले. "कुत्री झोपतात तिच्यावर."

"कुत्र्यांना विचारा, तिथे का झोपतात. तिथे जमीन सपाट आहे."

सभा पाऊण तास या मुद्द्यावर चालली. शेवटी सावंत मला बाजूला घेऊन म्हणाले, "दळवी, बहुमताने नको. नंतर तक्रारी करत फिरतील. सगळ्यांच्या सह्या घेऊ. तुमचं ऐकतात ते. तेवढी त्यांची सही आणा."

माझं कोणीही ऐकत नाही, हे सावंतांना माहीत असायला हवं होतं. माझ्या घरात पंखासुद्धा ऐकत नाही. पण मी कागद खिशात घातला.

पहिल्यांदा गेलो ते ऑफिसमधून परस्पर. वागळे इस्टेटला दिवसभर खुर्चीत बसून पाठीचा लाकडाचा ओंडका झालेला. ठोसर उतारावर होते. मी कागद काढायच्या आत सात नंबर माझ्या हातात आली.

"उभे राहा. तोंड इकडे, डावा पाय खाली. हा पुढे उतार. सगळ्यांत अवघड. आता काय वाटतं?"

"पडेन असं वाटतं."

"कारण तुम्ही सरळ उभं राहायला बघताय. उतारावर माणूस सरळ राहायला जातो तिथेच फसतो. खांदे उताराच्या कलाने घ्या. चेंडू वरच्या पायाजवळ. आणि ताकद पाऊणच. तोल गेला की सगळं गेलं."

मी पूर्ण ताकद लावली. चेंडू जागेवर राहिला, मी खाली गेलो. बायकोने पाठीला मलम लावताना विचारलं, "सही आणायला गेलेलात ना?"

दुसऱ्या वेळी चेंडू पायांपेक्षा वर होता, म्हणून तो डावीकडे गेला. तिसऱ्या वेळी पायांपेक्षा खाली होता, म्हणून उजवीकडे. दोन्ही वेळा हे असंच होणार होतं, असं ठोसरांनी आधीच सांगितलेलं, त्यामुळे ते खूश होते. कागद खिशातच चुरगळला. सावंत म्हणाले, "दळवी, सहीला जाताय की कोचिंगला?"

चौथ्यांदा मी मुद्दाम रविवारी सकाळी गेलो. रविवारी आठ वाजता मी एरवी झोपलेला असतो, त्यामुळे इतक्या वर्षांत मला एक गोष्ट माहीतच नव्हती. गेटपाशी रिक्षा थांबली आणि एक बाई उतरली. चाळिशीची, अंगात कुर्ता, खांद्याला पिशवी. डाव्या पायातल्या बुटाचा तळ वीतभर नाही, पण चांगलाच जाड. तरीही चालताना ती प्रत्येक पावलाला एका बाजूला झुकत होती. वॉचमनने तिला ओळखीचं हसून आत सोडलं. ती सरळ मागे निघाली. मलाही तिकडेच जायचं होतं.

"ही मीनल," ठोसर म्हणाले. "माझी मुलगी. डोंबिवलीला असते. शाळेत शिकवते." एवढंच.

मीनल उताराच्या मध्यावर गेली. खाली बसून दोन्ही बूट काढले आणि बाजूला जोडून ठेवले. मग सात नंबर घेऊन, डावा पाय चढाच्या बाजूला ठेवून उभी राहिली.

ती सरळ उभी राहिली. मला कळायला थोडा वेळ लागला. डावा पाय जेवढा आखूड होता तेवढी जमीन तिथे वर आलेली होती. दोन्ही खांदे एका रेषेत, मान ताठ. गेटपाशी पाहिली त्यापेक्षा ती चांगली उंच होती.

तिने चेंडू मारला. तो उंच गेला आणि जवळच पडला. एरवी काठी हलायच्या आत चार चुका सांगणाऱ्या ठोसरांनी एकही काढली नाही. ते एका हाताने गुडघा दाबत चढ चढून गेले, चेंडू घेऊन आले आणि वाकून तिच्या पायाशी ठेवला. पुन्हा तसंच. सहा चेंडू, मग पुन्हा सहा. मी उतारासमोरच्या पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसून राहिलो. कागद काढायचं धैर्य झालं नाही.

ती निघाली तेव्हा मी गेटपर्यंत सोबत गेलो. वॉचमनच्या खुर्चीशी ती थांबली. "दोन मिनिटं टेकते हं काका." आणि बसल्यावर माझ्या खिशाकडे बघून म्हणाली, "सहीचा कागद ना तो? बाबा बोललेले फोनवर. पार्किंग करायचंय तुम्हाला."

"तसं काही घाई नाही," मी म्हणालो.

"शाळेत प्रार्थनेला मी रांगेत वाकडी दिसायचे," ती म्हणाली. "बाई ओरडायच्या, नीट उभी राहा. एका रविवारी बाबांनी मला कारखान्यामागच्या त्या ढिगाऱ्यावर नेलं. सहज, चेंडू मारायला. मी उभी राहिले आणि बाबा बघतच बसले. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. म्हणाले, हलू नकोस. आणि रडायला लागले. मी आठ वर्षांची होते. मला वाटलं गोल्फमध्ये रडायचं असतं."

ती हसली. मलाही हसू आलं.

"तेव्हापासून रविवार चुकवला नाही. इथला फ्लॅटही त्यांनी त्या उतारासाठी घेतला. लहानपणी मला फार आवडायचं. आता कंबर गेलीय, काका. डॉक्टर म्हणतात, बूट काढून अजिबात उभं राहायचं नाही, उतारावर तर नाहीच. इथून गेले की संध्याकाळपर्यंत गरम पाण्याची पिशवी घेऊन पडते. सोमवारी वर्गात खुर्ची सोडत नाही."

"मग सांगून टाका ना त्यांना."

"आई गेल्यापासून त्यांना दुसरं आहे काय? आठवडाभर ते या अर्ध्या तासाची वाट बघतात. मी नाही आले तर एकटेच जाऊन उभे राहतील तिथे." रिक्षा आली, ती हात टेकून उठली. "तुम्ही बोलू नका हं काही."

बुधवारी मी ठोसरांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. ते खुर्चीत बसलेले आणि पाय गरम पाण्याच्या बादलीत. मला बघून त्यांनी बादली लपवायचा प्रयत्न केला, पण पाय आत असताना बादली लपवता येत नाही.

"रविवारचं दुखणं मंगळवारपर्यंत जातं," ते म्हणाले. "या वेळी लांबलं जरा."

"मग सोडा ना आता. शहात्तर म्हणजे काय थोडं झालं?"

"मी केव्हाच सोडलं असतं हो, दळवी. चढताना दम लागतो. चेंडू पडलेला दिसतसुद्धा नाही, अंदाजाने जातो. पण मीनलचा जीव आहे त्या जागेवर. सहा दिवस वाकडी चालते पोरगी. रविवारी अर्धा तास सरळ उभी राहते. लोक मुलींना काय काय देतात. मी एवढंच देऊ शकलो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्या गुडघ्यांचं तिला सांगू नका. ती यायचं बंद करेल."

माझ्या खिशात कागद होता. मीनलच्या कंबरेचं एक वाक्य बोलायचा अवकाश, सही मिळाली असती. सावंतांची गाडी आत आली असती, तिची कंबर सुटली असती, यांचे गुडघे सुटले असते, आणि माझ्यामागची कटकट गेली असती. इतक्या लोकांचं भलं करणारं वाक्य माझ्या तोंडात यापूर्वी कधी आलं नव्हतं. ते ओठांपर्यंत आलं. मग माझ्या मनात आलं, त्यानंतरच्या रविवारी हा माणूस सकाळी आठ वाजता कुठे जाऊन बसेल, आणि ती तिकडे डोंबिवलीला काय करत असेल.

मी म्हणालो, "पाणी गार झालंय. दुसरं आणू का?"

सावंतांना मी सांगितलं की डोंगर कापला तर पावसात माती खाली येईल, आधी भिंत बांधावी लागेल, त्याची परवानगी काढावी लागेल, तेव्हा विषय पुढच्या सभेत घेऊ. हे खोटं नव्हतं. सावंत माझ्याकडे बघून म्हणाले, "दळवी, तुम्ही त्यांना सामील झालात." हेही खोटं नव्हतं.

त्या रविवारी मी गजर लावून उठलो. बायको झोपेतच म्हणाली, "कोण गेलं?" मी म्हणालो, "कोणी नाही, गोल्फ." ती कूस बदलून झोपली.

ठोसर नुकतेच उतारावर आलेले. मी म्हणालो, "मला नीट शिकायचंय. दर रविवारी. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय."

"कुठल्या डॉक्टरांनी?"

"आहेत एक. आणि तुम्ही इथे कट्ट्यावर बसून सांगा. मी वरती असताना तुम्ही जवळ आलात की मला दडपण येतं. चेंडू माझे मी आणतो."

त्यांना काही पटलं नाही, पण बसले. बसताना त्यांच्या तोंडून हलकासा आवाज निघाला, तो मी ऐकला नाही असं दाखवलं. मी पहिला चेंडू मारला, नेहमीप्रमाणे चुकला, वर जाऊन शोधला, आणला. सूर्य डोळ्यांवर येत होता. आठवड्यातली एकच सकाळ माझी असते, ती अशी चालली होती.

मीनल आली. कट्ट्याशी थांबून सवयीने बूट काढायला वाकली.

"थांबा जरा," मी वरून म्हणालो. "माझे अजून बरेच राहिलेत. माझ्यानंतर तुम्ही. बसा तोवर."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी चेंडूकडे बघत होतो. मग ती वडिलांपासून हातभर अंतरावर कट्ट्यावर बसली. बूट पायातच.

मी मारला. चेंडू मागे गेला. मागे कसा जातो हे चार खोड्यांत बसत नव्हतं. मीनल हसायला लागली. ठोसर म्हणाले, "तीस वर्षांत असं पाहिलं नाही." आणि तेही हसले. हसता हसता त्यांची नजर तिच्या बुटांकडे गेली. तिथे थोडा वेळ राहिली. मग ती नजर माझ्याकडे वळली, मी चेंडू शोधायला वाकलेलो तिथे.

कट्ट्यावर ऊन जिथे येत नव्हतं तिथली जागा ठोसरांची होती. ती त्यांनी सरकून मोकळी केली, आणि मीनल बूट तसेच ठेवून तिकडे सरकली, टाकीला टेकून बसली.